विचारल्याशिवाय कात्री

मास्तरांचा राग काही नाकाच्या शेंड्यावर नसायचा. चाळीस वर्षं लोकांच्या विजारी शिवणाऱ्या माणसाला राग परवडतच नाही. गिऱ्हाईक पोट आत ओढून माप देतं आणि पुढल्या महिन्यात पोट सोडून भांडायला येतं, हेही मास्तरांनी हसत सोसलं. नियम फक्त एक: विचारल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. खिसा सरळ की तिरका, शिवणीत जादा कापडाची माया किती, सगळं विचारायचं. साध्या पायजम्यालासुद्धा, नाडी की इलॅस्टिक.

गेलं वर्षभर मात्र लघवीनं त्यांचा छळ मांडला होता. टेप गिऱ्हाइकाच्या कमरेलाच सोडून पळावं लागे आणि तिथं जाऊन उभं राहावं तर थेंबथेंब. रात्रीतून पाच वेळा उठबस. शेवटी मुलगा मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तपासण्यांची पिशवी घेऊन मास्तरीणबाईही बरोबर.

डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी पाहिली आणि ते मुलाला म्हणाले, "बाबांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलीय. कॅन्सरचं काही दिसत नाही, किडन्याही ठीक आहेत. गुरुवारी दुर्बिणीतून ऑपरेशन करून टाकू. या संमतीच्या कागदावर त्यांची सही घ्या."

बाबा समोरच बसले होते. बहिरे नव्हते, की परगावी गेले नव्हते! आणि मुलगा तरी कसला, मान डोलावून मोकळा.

मास्तरांनी चष्मा चढवला आणि कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. सुईत दोरा ओवणाऱ्याला बारीक अक्षराचं काय भय? एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाईल, म्हणजे काय?"

डॉक्टर पुन्हा मुलालाच म्हणाले, "बऱ्याच जणांचं होतं तसं. धोका काही नाही. आणि या वयात काय फरक पडतो?"

मुलगा फरशा मोजू लागला. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांनी तोंड उघडण्याआधीच शेजारून आवाज आला.

"मला पडतो."

मास्तरीणबाई. पिशवी मांडीवर, मान ताठ.

"माझ्याशी बोला, डॉक्टर," मास्तर म्हणाले. "अंग माझं आहे, पोराचं नाही. मी पायजम्याची नाडीसुद्धा विचारून घालतो. दुसरं काही आहे की नाही?"

होतं की! एका गोळीनं थोड्याच दिवसांत धार मोकळी होते. उठताना चक्कर येऊ शकते, वीर्याचंही थोडं तसंच होऊ शकतं, पण गोळी थांबवली की पूर्ववत. दुसरीनं ग्रंथी सहा महिन्यांत हळूहळू आकसते, कुणाकुणाची इच्छा मात्र मंदावते. ऑपरेशनचेही दोन-तीन प्रकार. सगळं डॉक्टरांना तोंडपाठ होतं. सांगायचे कष्ट तेवढे घेतले नव्हते!

"उसवता येतं ते आधी," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पहिली गोळी निवडली. तीन महिने बघायचं, लघवी अडलीच तर तडक यायचं. ऑपरेशनची वेळ आलीच, तर तारीख मास्तर सांगणार.

निघताना ते दारात थांबले.

"डॉक्टर, तुमच्या कोटाचा उजवा खांदा उतरलाय. दुकानात या. विचारूनच उसवीन."