व्हरांड्यातील पालक

सरोजाअक्कांच्या टेबलावर दोन पत्रे होती. दोन्ही सरकारी, दोन्ही सहीशिक्क्यानिशी, दोन्ही एकाच इमारतीच्या एकाच मजल्यावरून आलेली. पहिल्यात लिहिले होते की प्रशिक्षण केंद्राच्या वर्गात लहान मूल आणता येणार नाही. विद्यार्थिनीने त्याची सोय पाळणाघरात करावी. दुसऱ्यात लिहिले होते की पाळणाघर केवळ नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी आहे. विद्यार्थिनीचे मूल तेथे घेता येणार नाही.

"सर, यातलं कुठलं पाळू?" सरोजाअक्कांनी विचारले.

"दोन्ही पाळायची तर मूल अधांतरी टांगावं लागेल," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. त्या केंद्राच्या अधीक्षिका होत्या आणि सहीचा कागद आला की त्यांचे हसणे बंद होई.

मी एका सरकारी कारखान्याच्या लीगल डिपार्टमेंटमधून निवृत्त झालो आणि इंदिरानगरातील या संस्थेचा मानद सल्लागार झालो. मानद म्हणजे राग माझा, खर्चही माझा. काळ नव्वदच्या दशकाचा. संस्था सरकारी अनुदानावर एक वर्ग चालवीत असे. लवकर लग्न होऊन, मूल होऊन ज्यांची शाळा सुटली अशा मुलींना सकाळी एसएसएलसीचा, म्हणजे इथल्या कन्नड मुलखातल्या दहावीचा, अभ्यास शिकवायचा आणि दुपारी वायरी कापणे, सोलणे, सोल्डर करणे हे काम शिकवायचे. कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे एक युनिट जवळच होते. आमच्या मुलींनी केलेले काम ते घेई, त्याची मजुरी देई, आणि जी एसएसएलसी पास होईल तिला कायम कामावर ठेवीन, असे त्याच्या मालकाने मान्य केले होते.

मुलींना आई झाल्यावर शिकवण्यासाठी काढलेल्या या योजनेत मुले कोठे ठेवायची, याचा विचार कोणीही केलेला नव्हता. हे वाक्य मी तेव्हा चार निरनिराळ्या पत्रांत लिहिले. उत्तर एकालाही आले नाही.

प्रश्न सुमतीचा होता. अलसूरमध्ये पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबातील ही मुलगी. वय एकोणीस, मांडीवर पाच महिन्यांचा मुलगा, नवरा छापखान्यात. गणितात वर्गात पहिली. पण परीक्षेला बसायचे तर ठरावीक हजेरी भरावी लागते, आणि पहिले पत्र आल्यापासून सरोजाअक्का तिला रोज दारातून परत पाठवीत होत्या. आणखी थोडे दिवस असे गेले असते तर हजेरी कमी पडली असती, परीक्षा हुकली असती आणि युनिटमधली जागा दुसरीला गेली असती.

त्या दिवशीही ती दारात उभी होती.

"आज तरी बसू का सर?"

"स्वल्प थांब, थोडंसंच," मी म्हणालो. "मी पाहतो."

गंमत अशी की पत्रे येण्यापूर्वी सगळे सुरळीत होते. सुमतीची सासू गंगाक्का फुलांच्या माळा ओवून विकत असे. ती टोपली घेऊन केंद्राच्या व्हरांड्यात बसे, नातवाला मांडीवर घेई, माळा ओवी. मूल रडले की सुमती बाहेर येऊन पाजून जाई. कोणाचीही तक्रार नव्हती. मग एकदा हिशेब तपासायला आलेले एक गृहस्थ जाता जाता म्हणाले, "इथे मुलंपण असतात वाटतं?" एवढेच. सरोजाअक्का घाबरल्या आणि त्यांनी वरच्या कार्यालयाकडून क्लॅरिफिकेशन मागवले. क्लॅरिफिकेशन म्हणजे नियमाचा अर्थ वरिष्ठांनी लिहून कळवणे. माझ्या अनुभवात त्यातून अर्थ कधी येत नाही, नवी अट मात्र येते. पहिले पत्र येताच सरोजाअक्कांनी व्हरांडाही बंद केला.

मी उपसंचालकांना भेटलो. भला माणूस. टेबलावर कॉफी, मागे फाइलींची भिंत.

"बाई शिकतात ना?" ते म्हणाले. "मग त्या नोकरदार नाहीत. पाळणाघर कसं मिळेल?"

"त्या नोकरी मिळावी म्हणूनच शिकतात."

"सरी, ठीक आहे. मग नोकरी लागल्यावर अर्ज करू दे."

"आणि तोवर?"

"तोवर मुलाला सांभाळायला घरी कोणी असेल."

"घरी कोणी नसतं. सासू फुलं विकते. मूल घेऊन ती केंद्रावर बसत होती, ते तुमच्या कार्यालयाने बंद केलं."

"आमच्या नाही," ते चटकन म्हणाले. "ते शिक्षणाच्या सेक्शनने. मी पाळणाघराचा."

शिक्षणाचा सेक्शन त्याच बोळात, दोन दारे सोडून होता. मी तेथे गेलो. तेथील अधिकारी म्हणाल्या, "आम्ही तर लिहिलंय की पाळणाघरात ठेवा. ते घेत नसतील तर त्यांना विचारा."

मी घरी येऊन पत्र लिहिले. सुमती दुपारी मजुरीवर काम करते, म्हणजे ती कामगार आहे, आणि म्हणून तिच्या मुलाला पाळणाघरात जागा मिळालीच पाहिजे, असा माझा मुद्दा होता. मुद्दा बिनतोड होता. उपसंचालकांनी तो मान्यही केला. त्यावर शिक्षणाच्या सेक्शनकडून फोन आला: बाई कामगार असतील तर त्यांचे नाव वर्गातून कमी करावे लागेल, कारण हा वर्ग बेकार स्त्रियांसाठी आहे.

मी टेलिफोनचा रिसीव्हर खाली ठेवला. कायद्याच्या नोकरीत आयुष्य गेले. कामगार, मालक, ठेकेदार सगळे पाहिले. पण एका मुलीने एका दिवसात सकाळी बेकार आणि दुपारी कामगार असावे, आणि या दोन्ही कारणांनी तिला दोन्हीकडून बाहेर काढावे, हे माझ्या बुद्धीच्या पलीकडचे होते.

शेवटी मी दोघा अधिकाऱ्यांना एका खोलीत बसवले. खोली उपसंचालकांचीच. बाईंनी खुर्ची आणली ती शेजारच्या खोलीतून. इतकी वर्षे दोघे एकाच बोळात काम करीत होते आणि या विषयावर एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते.

"कमाई करणारी मुलगी वर्गात चालत नाही, हे कुठे म्हटलंय?" मी विचारले.

"तुमच्याकडे असेल," बाई उपसंचालकांना म्हणाल्या.

"माझ्याकडे कशाला? मला वाटलं तुमच्याकडे आहे."

दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले.

अखेर ठरले. शिकाऊ मुलींचे दुपारचे काम हे पाळणाघरापुरते नोकरी समजावे आणि वर्गापुरते समजू नये. वाक्य म्हणून ते भयंकर होते, पण आदेश म्हणून चालणारे होते. मी सही होईपर्यंत तेथून हललो नाही. आदेश घेऊन केंद्रावर आलो तेव्हा सरोजाअक्कांनी मला कॉफी दिली, तीही स्टीलच्या मोठ्या पेल्यात.

दुसऱ्या दिवशी पाळणाघरात सुमतीच्या मुलासाठी पाळणा बांधून ठेवला होता. मूल आले नाही. सुमतीही आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

मी रिक्षा केली आणि अलसूरला गेलो. घर एका गल्लीत, देवळाच्या मागे. गंगाक्का उंबऱ्यात बसून काकड्याची पांढरी फुले ओवीत होती. नातू तिच्या मांडीवर झोपला होता. डोक्यावर दाट, कुरळे, कपाळावर आलेले केस.

"या वकील अण्णा, बसा," ती म्हणाली. "सुमा, पाणी आण."

"गंगाक्का, सुमती वर्गाला का येत नाही? पाळणाघराची ऑर्डर झाली."

"झाली म्हणे."

"मग?"

"पाळणाघर मागितलं कुणी?"

मी ऑर्डर खिशातून काढली. तिने त्या कागदाकडे पाहिलेदेखील नाही.

"पोराचं जावळ व्हायचंय अजून," ती म्हणाली. "आमच्याकडं जावळ झाल्याबिगर मूल परक्याच्या हातात देत नाहीत. माझ्या सासूनं दिलं नाही, मी माझा मुलगा दिला नाही. आता याला त्या आयाबायांच्या हातात देऊ?"

"जावळ करून टाका मग."

"कसं करून टाका? मामाच्या मांडीवर बसवून करायचं असतं. मामा मिलिटरीत. त्याला सुट्टी कुठाय?"

"मी त्याच्या युनिटला पत्र लिहितो," मी म्हणालो.

गंगाक्काने माळेचा दोरा दाताने तोडला. "लिहा. तुमचा हात चांगला चालतो म्हणतात."

सुमती पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती खाली पाहून म्हणाली, "सर, मी सरोजाअक्कांना पहिल्यापासून सांगत होते. अत्तेला व्हरांड्यात बसू द्या, एवढंच लिहा." सासूला ती कन्नड रीतीने अत्ते म्हणे.

"मग त्यांनी काय लिहिलं?"

"त्या म्हणाल्या, असं लिहिलं तर बरं दिसत नाही. त्यांनी 'बालसंगोपनाची व्यवस्था' असं लिहिलं."

"आणि तुम्ही, गंगाक्का? मला तरी सांगायचं होतंत."

"अण्णा, तुम्ही इतके दिवस ऑफिसात फिरलात. आमच्या दारात आज आलात."

मी पाणी प्यायलो. रागावलो तर होतोच, पण कोणावर, हे ठरेना. सरोजाअक्कांवर? त्या बाई नियम मोडू नये म्हणून धडपडत होत्या. अधिकाऱ्यांवर? त्यांनी शेवटी सही केली होती. गंगाक्कावर? ती आपल्या घरची रीत पाळत होती, आणि सुनेने शिकावे म्हणून टोपली उचलून रोज केंद्रावर येणारीही तीच होती.

"परीक्षेला बसायचंय ना तुला?" मी सुमतीला विचारले.

"बसायचंय," ती म्हणाली. मग तिने सासूकडे पाहिले. "अत्तेलापण मी बसायला हवीय."

"पोरीनं गणित सोडवलं तर हिशेबात मला कुणी फसवणार नाही," गंगाक्का म्हणाली.

मी केंद्रावर परत आलो आणि एका वाक्याची सूचना लिहून फळ्यावर लावली. विद्यार्थिनीच्या पालकास केंद्राच्या व्हरांड्यात थांबण्याची मुभा राहील. वर्गात मूल नको, हा आदेश त्यात पूर्ण पाळला जात होता. पालकाच्या मांडीवर काय असावे, याबद्दल कोणत्याही सेक्शनने काहीही म्हटलेले नव्हते.

सरोजाअक्कांनी सूचना वाचली. "सर, यावर वरून एकदा क्लॅरिफिकेशन मागवू?"

"नाही," मी म्हणालो. मी इतक्या मोठ्याने म्हणालो की वर्गातल्या मुली थांबल्या.

सुमती दुसऱ्या दिवसापासून आली. काही दिवसांनी उपसंचालक पाहणीला आले. व्हरांड्यात थांबले.

"या कोण?"

"पालक," सरोजाअक्का म्हणाल्या.

"आणि मूल?"

"पालकाचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "वर्गात जात नाही ना?"

"त्याला अजून चालता येत नाही," मी म्हणालो.

ते विचारात पडले. गंगाक्काने टोपलीतली माळ हातावर मोजून, कोपरापासून बोटापर्यंत, एक मोळ तोडली. "घ्या साहेब, घरी न्या. पैसे नकोत, पहिलं गिऱ्हाईक आहात." साहेबांनी पैसे दिले, माळ खिशात ठेवली आणि वहीत 'समाधानकारक' असे लिहिले. काय समाधानकारक, ते लिहिले नाही.

सुमती परीक्षेला बसली, पास झाली आणि युनिटमध्ये लागली. त्याच सुमारास तिच्या भावाला रजा मिळाली. माझ्या पत्रामुळे की पत्र असूनही, हे मला आजवर कळलेले नाही. जावळ झाले. तुळतुळीत डोक्याचे ते मूल नोकरदार आईचे मूल म्हणून, सर्व नियमांनुसार, पाळणाघरात दाखल झाले. सगळे नियम एकमेकांशी जुळले ते तेव्हा, जेव्हा ते जुळण्याची घाई कोणालाही उरलेली नव्हती. सुमतीसाठी मिळवलेल्या आदेशाचा फायदा पुढच्या तुकडीतल्या मुलींना झाला. त्यांच्या घरी परक्या हातांना हरकत नव्हती.

ती दोन मूळ पत्रे मात्र कोणी मागे घेतली नाहीत. ती दोन्ही आजही लागू आहेत. मी त्या कार्यालयाला सविस्तर पत्र लिहून कळविले की, यापुढे अशा योजनेत कोणताही खुलासा देण्यापूर्वी, ज्या कुटुंबासाठी तो द्यायचा त्याला एकदा प्रत्यक्ष विचारावे.

त्याला मात्र उत्तर आले. नेमके कोणत्या कुटुंबाबाबत आणि काय विचारावे, याचे मी क्लॅरिफिकेशन द्यावे, असे त्यात म्हटले होते.