येळवशीची भज्जी आणि आमची कुत्री

आमची कुत्री लठ्ठ झाली ती अण्णांच्या लाडानं. आई गेल्यापासून जळकोटच्या घरात माझे वडील आणि ती, दोघंच. चहाबरोबर बिस्किट घेतलं की अर्धं हिचं, हे ठरलेलं. शेवटी उदगीरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी दम भरला. बिस्किट बंद, त्याऐवजी गाजर, काकडी, बिया काढलेलं सफरचंद द्या. द्राक्षं, कांदा, लसूण मात्र चुकूनही नको. मी नांदेडहून रोज फोनवर हेच बजावायचे आणि अण्णा रोज वैतागायचे.

"हाव गं बाई, न्हाई देत कांदा. मी काय लहान लेकरू हाय का?"

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, मी गावी आले. शेतात कडब्याची कोप, छोटीशी झोपडी, उभारली, पूजा झाली, आणि मग हिरव्या दाण्यांची, पालेभाज्यांची घट्ट भज्जी, भाकरी, आंबील. त्या दिवशी शेतात आलेल्याला उपाशी जाऊ देत नाहीत, वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून बसवतात. मी आंबिलीचं मडकं आणायला कोपीत गेले. परत येऊन बघते तर काय, कुत्रीपुढंही पत्रावळ मांडलेली आणि चाटूनपुसून साफ!

"अण्णा, काय वाढलंत तिला?"

"भज्जी. समद्या भाज्याच हायत की तिच्यात. तुझा डॉक्टर खूश होईल."

"आणि कांदा?"

"कांदा कुठं हाय? पात हाय ती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुरीचे दाणे, वाटाणे, गाजर, सगळं खरं, पण कांद्यालसणाची पात त्या भज्जीत मुठीमुठीनं पडते. आमच्याकडं कांदा म्हणजे जेवताना बुक्कीनं फोडतात तो. पात ही भाजी, तिला कांद्यात कोण धरतंय?

डॉक्टरांना फोनवर फोन केले. तेही आपल्या शेतात येळवशीलाच गेलेले, रेंज नाही. संध्याकाळी लागले तेव्हा म्हणाले, उलटी करवायची वेळ निघून गेली. विष सावकाश रक्तात उतरतं, आता हिरड्या बघत राहा. पांढऱ्या पडल्या किंवा लघवी लाल झाली तर तडक घेऊन या.

मी नांदेडला परत गेलेच नाही. कुत्री मजेत होती, शेपूट हलवत गाजर मागत होती, तरी माझा पहारा चालूच. जरा पडली की ओठ उचलून हिरड्या बघ, अंगणात गेली की मागं जा. हिरड्या कालच्यापेक्षा फिक्या आहेत की मलाच तसं वाटतंय? अण्णांना विचारलं तर ते नुसते उठून जायचे. मी चिडून वाट्टेल ते बोलले.

आणि एका सकाळी अंगणातली फरशी लाल दिसली. हिरड्या पार पांढऱ्या. गाडीत अण्णांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"हिला काई झालं तर मी घरात कुणासंगं बोलू गं?"

माझा सगळा राग तिथंच विरला. मी गाडी हाणत राहिले.

सलाईन लावलं, रक्त द्यावं लागतंय की काय इथपर्यंत वेळ आली. पण वाचली. हळूहळू हिरड्यांवर गुलाबी रंग परतला आणि डॉक्टरांनी तिला घरी सोडलं.

घरी आल्यावर मी काकडी चिरली आणि ताटली अण्णांपुढं सरकवली. त्यांनी ती माझ्याकडं परत ढकलली.

"तूच दे. मला माझ्या हाताचं भ्या वाटायलंय."

मी फोड पुढं केली. कुत्रीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. अशक्त पायांनी हेलपाटत ती अण्णांपुढं जाऊन बसली. त्यांनी एक फोड उचलली, उलटीपालटी करून बघितली, नाकाशी नेली, परत बघितली. मग हात पुढं केला.

तिनं ती फोड वासही न घेता त्यांच्या हातून खाल्ली.