नोव्हायच्या हॉलमधून पळवलेली बाई

ती घटना आठवली की माझी पांढरी मिशी आजही ताठ होते. मिशिगनच्या आमच्या पोलीस खात्यात मी एकटाच मराठी डिटेक्टिव्ह. दरारा असा की मी नुसता शिंकलो तरी हायवेवरचे ट्रक वेग कमी करत.

एका सकाळी कंट्रोल रूमला फोन आला, तोही नागपुरी मराठीत. मला तातडीने बोलावलं.

"आमच्या हॉलमधली बाई पळवली हो! अन् तिच्या जागी दुसरीच आणून बसवली!"

अपहरण समजून आम्ही निम्मं खातं घेऊन नोव्हाय गावातल्या त्या घरी थडकलो. दारात सत्तरीच्या काकू. त्यांनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवलं.

जलरंगातलं चित्र होतं ते. टेकडीच्या उतारावर काटक्यांचा भारा घेतलेली एक बाई. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कुणा इंग्रज चित्रकर्तीचं काम. सुनेने जुन्या सामानाच्या सेलमधून हौसेने आणलेलं. काच तडकली म्हणून मुलाने फ्रेमवाल्याकडे दिलं आणि आदल्याच दिवशी परत आणलं होतं.

मुलगा मोटार कंपनीत इंजिनिअर. धापा टाकत आला. "सॉरी काका, आईचं हल्ली असंच चाललंय. सेम चित्र आहे यार! आता नागपूरच्या वृद्धाश्रमात बुकिंग केलंय तिचं."

काकूंचा चेहरा उतरला. "मी वेडी नाही रे बाप्पा."

मी जबाब घ्यायला बसलो. "काकू, ओळखलं कशावरून?"

"आधीची बाई वाऱ्याला रेटून चालायची. डोक्यावरचं फडकं असं ओढलं जायचं की मला इथे सोफ्यावर थंडी वाजायची. ही तर फोटो काढायला उभी राहिलीय!"

इतका नेमका जबाब मला अट्टल दरोडेखोरानेही कधी दिला नव्हता. चित्र प्रयोगशाळेत पाठवलं. कागद नवा निघाला. कोर्टाकडून झडतीचं वॉरंट घेतलं आणि फ्रेमवाल्याच्या मागच्या खोलीतलं कपाट उघडलं. आत मूळ चित्रातली ती बाई! शपथेवर सांगतो, माझी टोपी उडाली! असा वारा त्या चित्रकर्तीने कागदावर धरून ठेवला होता.

फ्रेमवाला मात्र गार. वकिलाला शेजारी बसवून म्हणाला, "हे माझ्या इंग्लंडच्या आजीचं. यांच्याकडे पहिल्यापासून नक्कलच होती. मी फक्त काच बदलली."

आता खोटं पाडायचं कसं? मी पुन्हा काकूंकडे गेलो. "त्या चित्राला तुम्ही कधी काही केलं होतं का?"

काकूंनी मुलाकडे चोरून पाहिलं. "दर शुक्रवारी ओल्या बोटाने हळदकुंकू लावायचे. घरात सवाष्ण उभी असताना तिला तसंच कसं ठेवायचं?"

"आई! अँटिक आहे ते!" मुलगा ओरडला.

मी उठून जवळजवळ नाचलोच. ओली हळद आणि तडकलेली काच! स्टेशनात येऊन खोलीत अंधार केला आणि कपाटातल्या चित्रावर अल्ट्राव्हायोलेट दिवा धरला. चित्राभोवतीच्या पांढऱ्या कार्डावर, खालच्या बाजूला, जिथे काचेला तडा होता तिथे आत झिरपलेली एक पिवळसर हिरवी रेघ चमकली. हळद त्या दिव्याखाली अशीच चमकते.

मी फ्रेमवाल्याला विचारलं, "तुमच्या इंग्लंडच्या आजी शुक्रवारी हळदीकुंकू करायच्या का?"

त्याने आधी पाणी मागितलं. मग कबुलीजबाब दिला.

पुराव्यासाठी दिवे आणि प्रयोगशाळा लागतात, नाही म्हणत नाही. पण त्या केसने मला शिकवलं की साक्षीदाराचं वय विचारण्याआधी तो रोज काय पाहतो, हे विचारावं. एका बाईने बोचऱ्या थंडीत उभं राहून वारा रंगवला. शंभराहून अधिक वर्षांनी दुसरीने तो रोज पाहिला. मधली सगळी हुशार माणसं नुसतं चित्र बघत होती.

खटला संपल्यावर चित्र घरी आलं, तो नेमका शुक्रवार. नागपूरचं बुकिंग कॅन्सल झालं होतं. काकू भिंतीपाशी गेल्या आणि घुटमळल्या. तेव्हा मुलानेच कुंकवाचा करंडा आणून त्यांच्यापुढे धरला.

जुन्या चित्राजवळ ओली हळद नेऊ नका, असं सांगणं माझं कर्तव्य होतं. पण त्या वेळी मी सोफ्याखाली माझं पेन शोधत होतो.