तांदळात लिहिलेलं नाव

माझ्या बायकोचं नाव मी ठेवलं. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीने लिहिलं, क्षिप्रा. माहेरची ती कुसुमावती घैसास. नाव तिच्या आजीचं होतं आणि मला ते जुनाट वाटलं. तिला काय वाटतं ते मी विचारलं नाही. १९९१ साली असं कोणी विचारत नसे, अशी मी माझी समजूत घालून ठेवली आहे.

लग्नाच्या चार महिने आधी तिचा पहिला शोधनिबंध छापून आला होता. एकाच वाटेने पुष्कळ संगणकांचे संदेश निघाले आणि कोंडी झाली, तर कोणी किती थांबायचं, असा त्याचा विषय. वर नाव होतं के. घैसास. मग आम्ही दिल्लीला आलो. यथावकाश द्वारकेत फ्लॅट झाला, मी गुडगावच्या एका कंपनीत लागलो आणि ती नोएडाच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवू लागली. पीएचडी तिने इथेच केली, सासरच्या नावाने. पुढचे चाळीस निबंधही क्षिप्रा सबनीस या नावानेच लिहिले.

घैसासबाईंचा तो एकुलता एक निबंध जगभर वाचला गेला. बाराशेहून जास्त लोकांनी आपल्या लेखनात त्याचा दाखला दिला. सबनीसबाईंच्या चाळिसांना मिळून जेमतेम दोनशे. एकदा तिचा निबंध साभार परत आला. परीक्षकाचा शेरा होता की लेखिकेने घैसास यांचं काम नीट वाचावं, ही सगळी त्यांचीच उसनवारी दिसते. आम्ही दोघं पोट धरून हसलो. ती आधी थांबली, मी बराच वेळ हसत राहिलो.

प्रोफेसर व्हायचं तर हे दाखले मोजतात. "विक्रांत, राजपत्रात नावबदल करून घेऊ या ना," ती म्हणायची. "दोन्ही नावं एकाच बाईची आहेत एवढं कुठेतरी लिहिलेलं असू दे." खरं तर पुण्यात केलेलं एक प्रतिज्ञापत्र आमच्याकडे होतं. ते घर बदलताना माझ्याच हातून गहाळ झालं, आणि त्याची प्रत कॉलेजातही सापडेना. म्हणून हे काम मी अंगावर घेतलं होतं. "करू यार, पुढच्या महिन्यात," मी म्हणायचो. असे किती पुढचे महिने गेले देव जाणे. माझ्या बढतीचे कागद मात्र मी कधी एक दिवसही उशिरा दिले नाहीत.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना तिची शेवटची मुलाखत झाली. बाराशे दाखल्यांचा निबंध आपलाच, हे सिद्ध करायला तिच्याजवळ काही नव्हतं. लग्नाची नोंदणीही आम्ही केली नव्हती. शेवटी ती लग्नाचा अल्बम घेऊन गेली. आत चिकटवलेल्या लग्नपत्रिकेवर घैसास होतं आणि फोटोत ताटातलं क्षिप्रा. समितीचे अध्यक्ष सज्जन गृहस्थ होते. त्यांनी फोटो नीट निरखून पाहिला आणि ते हळूच म्हणाले, "मॅडम, ये तो चावल हैं. कोई डॉक्युमेंट दीजिए."

राजपत्राला तीन महिने लागले असते, आणि समिती वर्षभर पुन्हा बसणार नव्हती. घरी येऊन तिने अल्बम कपाटात ठेवला आणि कुकर लावला. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं, पण तेवढंही तिने माझ्यासाठी केलं नाही.

गेल्या मे महिन्यात ती असोसिएट प्रोफेसर म्हणूनच निवृत्त झाली. निरोपाच्या चहाला अवनी नावाची एक तरुण संशोधिका तिच्याजवळ आली. आमचं मराठी ऐकून खूश झाली. "मॅम, मी घैसासांच्या त्या पेपरवरच काम करतेय. तुम्ही पुण्याच्या ना, ओळखत असाल त्यांना? इतका ब्रिलियंट पेपर, आणि पुढे एकही नाही. वारल्या का त्या?"

मी बशीत समोसा घेऊन शेजारीच उभा होतो. तोंड उघडायला हवं होतं मी.

"नाही गं," क्षिप्रा म्हणाली. "लग्न झालं तिचं."

परतताना मेट्रोत गर्दी नव्हती. मांडीवर फुलांचा गुच्छ घेऊन ती खिडकीबाहेर बघत होती. यमुना मागे पडली. लग्नानंतर कधीच घेतलं नव्हतं ते नाव मी पहिल्यांदा घेतलं. "कुसुम," म्हटलं, "आपण उद्याच जाऊन अर्ज करू."

तिने वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. माझ्या हातावर हात ठेवून ती म्हणाली, "त्या नावाने आई हाक मारायची. तुझ्या तोंडी नको."