शीतळेच्या दिवशी शिजवलेला भात

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो गेला तेव्हा त्याचा हात माझ्या हातात होता, खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी नाही. लेकींना सांगितलं नाही. देवाला सांगितलं असं म्हणावं, तर तेही खोटं होईल, कारण त्याच्यापुढे बसून मी नुसतं मागतच आले. आता तुम्हांला सांगते आहे. का? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ टाळ्याला चिकटते.

नदीवर गेलो होतो त्या दिवसापासून सुरू करते.

आमचं वडीगोद्रीला कापडाचं दुकान. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण गोदेकाठी इतक्या पिढ्या गेल्या की मारवाडी बोलता बोलता मराठी कधी सुरू व्हायची ते आमचं आम्हांला कळायचं नाही. मी जालन्याची. लग्न होऊन इथं आले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि मला धड लुगडं सावरता येत नव्हतं. घरात सासूजी, थोरले दीर, त्यांची बायको, त्यांची चार वर्षांची कंचन आणि आम्ही दोघं. सासूजी मला बींदणी म्हणायच्या. आमच्यात नव्या सुनेला तसंच म्हणतात. जावेला मी भाभी म्हणायची.

भाभीबद्दल काय सांगू? माझी भाजी करपली की ती म्हणायची, "माझ्याकडूनच लागली, बींदणीला मी दुसऱ्या कामाला लावल्तं." सासूजींच्या शिव्या निमूट खायची आणि मग मागच्या दारी मला डोळा मारून हसायची. मला बहीण नव्हती. ती होती. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना माझी कीव येणार नाही.

आता शीतळेचं सांगायला हवं. होळीनंतर सातव्या दिवशी आमच्याकडे शीतळा सप्तमी. त्या दिवशी घरात विस्तव पेटवायचा नाही. सगळा स्वयंपाक आदल्या दिवशी करून ठेवायचा, संध्याकाळी चुली विझवून, गार करून, शेणानं सारवून त्यांना कुंकू लावायचं, आणि दुसरा अख्खा दिवस थंडंच खायचं. शीतळा म्हणजे देवी, लेकरांच्या अंगावर फोड होऊन येते ती. तिला थंडावा लागतो. तिच्या दिवशी चूल पेटली तर ती कोपते, आणि तिचा कोप लेकरांवर निघतो. हसू नका. आम्ही हे मानत होतो, जसं विहिरीत पडलं की माणूस बुडतं हे मानतो तसं.

जेवण तयारच असायचं, म्हणून त्या दिवशी आमच्या घरची माणसं नदीवर जायची. गोदावरी दोन-तीन कोसांवर. होळी झाली की आमच्याकडे ऊन तापायला लागतं, पात्रात पाणी कमी आणि वाळूच वाळू उरते. बायकांना वर्षातून तेवढाच एक दिवस उघड्यावर बसून जेवायला मिळायचं. मी तर पंधरा दिवस आधीपासून त्याच नादात होते.

त्या वर्षी सासूजींनी सगळा स्वयंपाक माझ्यावर टाकला. पुऱ्या, गुळाचे गुलगुले, ताकातली बाजरीची राबडी, कैरीची आंबटगोड लौंजी, तळलेल्या मिरच्या आणि दहीभात. पुऱ्यांची कणीक कशी घट्ट मळायची, दुसऱ्या दिवशी त्या चामड्यासारख्या होऊ नयेत म्हणून तुपाचं मोहन किती घालायचं, हे सगळं भाभीनं दाखवलं होतं. पुऱ्या छान झाल्या. दुरडीत धुतलेलं फडकं घालून मी त्या रचल्या, गुलगुले डब्यात भरले, लौंजी बरणीत. शेवटी भात. भात परातीत पसरून पुरता गार करायचा, मग दही कालवायचं—एवढंच होतं. पण सासूजी चुली सारवायची घाई करत होत्या, आणि मी—मी वाफाळत्या भातातच दही ओतलं, पातेल्यावर झाकण घातलं, वर ओलं फडकं बांधलं आणि मोकळी झाले.

सकाळी फडकं सोडलं तर भाताला फेस आलेला. वास असा की नाक धरावं.

घरी मी एकटी होते. बाकीचे गावाबाहेर लिंबाखाली शीतळेचा दगड आहे तिथं पूजेला गेले होते. नैवेद्यापुरतं आदल्या दिवशीच वेगळं काढलेलं होतं, तेवढं घेऊन. मला बैलांच्या दमणीत सामान भरायला मागं ठेवलं होतं. मी त्या पातेल्यापुढे बसले. आता सगळे येणार. सासूजी झाकण उघडणार. मग माझ्या आईचा उद्धार होणार, "माहेरी काही शिकवलं न्हाई," आणि तोही मोठ्या दिरांसमोर. एवढंच. याहून मोठं काही नव्हतं. भात नाही म्हणून कुणी उपाशी मरणार नव्हतं. भाभीनं नक्की काहीतरी सावरून घेतलं असतं.

मी मागच्या दारी गेले. न्हाणीघरातल्या पाणी तापवायच्या चुलीत चार शेणकुटं घातली आणि पेटवली.

मी तांदूळ धुतले, शिजवले, परातीत पसरून पदरानं वारा घातला, विरजणाचं उरलेलं दही कालवलं. यावेळी बरोबर. आंबलेला भात म्हशीपुढे टाकला. राख भरून उकिरड्यावर नेली, चुलीवर पाणी शिंपडलं. दमणीचे बैल जुंपायला गडी आला तेव्हा मी डबे मोजत बसले होते, कुणी बघितलं तर म्हणावं काय गुणाची सून!

नदीवर तो भात सगळ्यांनी खाल्ला. सासूजी माझं कौतुक सहसा करत नसत. त्या दिवशी म्हणाल्या, "भात किती मऊ ऱ्हायला बघा. रातचा वाटतच न्हाई." मी मान खाली घालून हसले. लाजले असं सगळ्यांना वाटलं.

एकट्या कंचननं तो खाल्ला नाही.

तिला थंडं नकोच होतं. सकाळपासून तिचा एकच हेका, गरम भाकर. वाळूत लोळली, रडून रडून तोंड लाल केलं. पुरुषमंडळी टरबूज आणायला वाडीकडे गेली होती, सासूजी दमणीच्या सावलीत आडव्या झाल्या होत्या. जरा पलीकडे एका धनगराच्या मेंढ्या बसल्या होत्या आणि त्याची बायको तीन दगडांवर भाकऱ्या करत होती. भाभी लेकीला कडेवर घेऊन तिकडे गेली. मीही मागोमाग गेले. त्या बाईनं पोरीकडे बघितलं आणि काही न विचारता तव्यावरची अर्धी भाकर मोडून पुढे केली. भाभी घुटमळली. मग तिनंच फुंकर मारून मारून ती भाकर कंचनला भरवली. पोरगी हुंदके देत देत खात होती. परत येताना भाभी माझ्या कानाशी म्हणाली, "कुनाला बोलू नको हां. लेकरू हाय, माता समजून घेईल."

मी म्हणाले, "न्हाई बोलनार." आणि मनातून मला केवढं हलकं वाटलं! आता ती आणि मी एकाच होडीत, असं काहीतरी. तिला मात्र माझं काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हा तरी सांगायचं होतं ना? वाळूत बसून, दोघी मिळून घाबरलो असतो, दोघी मिळून हसलोही असतो.

संध्याकाळी घरी आल्यावर सासूजी पाय धुवायला न्हाणीत गेल्या. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः सारवलेली चूल तडकली होती, आतून काळी पडली होती. "कुनी पेटवली ही?" त्यांनी पुन्हा विचारलं, तोवर मी दमणीतले रिकामे डबे आणायला बाहेर गेले. सगळे थकलेले होते, विषय तिथंच राहिला. मी रात्रभर चोरासारखी कूस बदलत पडले.

पंधरा दिवस झाले नसतील. कंचनला ताप भरला, मग अंगावर फोड दिसले. माता आली. घरात फोडणी बंद, दाराला लिंबाचा डहाळा, चपला बाहेर. त्याच हिवाळ्यात देवीची लस टोचणारा माणूस गावात येऊन गेला होता, आणि गावातल्या निम्म्या घरांप्रमाणे आम्हीही कंचनला कापडाच्या गठ्ठ्यांमागं लपवलं होतं. आज मला कळतं की ती कशानं गेली. तेव्हा नव्हतं कळत. आणि आज कळतं म्हणून माझं काही कमी होत नाही, कारण मी जे केलं ते चुलीपाशी केलंच नाही. ते केलं कंचनच्या उशाशी.

भाभी लेकीचं डोकं मांडीवर घेऊन लिंबाच्या पाल्यानं वारा घालत होती. डोळे सुजून मिटले होते पोरीचे. सासूजी समोर बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "त्या दिवशी चूल पेटली होती घरात. मी बघितलं न्हाई का? कोन होतं घरी?" आणि त्यांची मान माझ्याकडे वळायला लागली. पुरती वळलीही नव्हती. मी बोलून गेले—

"भाभींनी नदीवर कंचनला गरम भाकर दिली. धनगरणीच्या चुलीवरची."

बोलून गेले म्हणते, पण तसं नाही. नीट बोलले. एवढं सांगितलं की चुलीची गोष्ट मागं पडेल, हेही मी बोलण्याआधी जोखलं होतं. गरम भाकर, तीही त्याच पोरीच्या तोंडात, आईच्या हातानं. त्याच्यापुढे तडकलेल्या चुलीचं कुणाला काय पडलं होतं?

सासूजींनी कपाळावर हात मारून घेतला. भाभीनं माझ्याकडे बघितलं. "आणि घरी कोन होतं त्या सकाळी?" एवढं ती विचारू शकली असती. ती वारा घालायची थांबली, एवढंच. मग पुन्हा घालू लागली.

कंचन गेली.

सासूजी त्यानंतर भाभीला नावानं हाक मारत नसत. 'ती' म्हणायच्या. देवघरात तिला मज्जाव, सणाच्या स्वयंपाकात तिचा हात नको. पुढे तिला मूल झालं नाही, त्याचाही दोष त्या भाकरीलाच. घराच्या किल्ल्या थोरल्या सुनेकडे जायच्या, त्या माझ्या कमरेला आल्या. मी नको म्हणाले का? नाही म्हणाले. चार बायकांत सासूजी मला दाखवून सांगायच्या की सून असावी तर अशी. मी पदर पुढे ओढून ऐकायची.

आणि भाभीनं गरम खाणं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं, तिनंच सोडलं. एका दिवसाचा नेम तिनं आयुष्याला लावून घेतला. पोळी निवल्यावर, वरण साय धरल्यावर, दूध थंडगार. थंडीच्या दिवसांत हात पोटाशी धरून ती तो गारढोण भात गिळायची. आणि मी तिच्यासमोर बसून फुलका फुगला की लगेच तूप लावून खायची—का, तर थंड फुलका मला आवडत नाही.

सासूजी गेल्या. दीर गेले. माझ्या मुलांची लग्नं झाली. घरात मला विचारणारं कुणी उरलं नाही, घाबरण्यासारखं तर काहीच नाही. माझी सुटका नव्हती असं आता कोणत्या तोंडानं म्हणू? एका दुपारी आम्ही दोघी ओसरीवर गहू निवडत होतो. भाभीचे केस पिकले होते, नजर अधू झाली होती. ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "बींदणी, एक विचारू का गं? त्या सप्तमीला खरंच चूल पेटली होती का घरात? सासूजी म्हनत होत्या. म्हंजे... माझ्या भाकरीच्या आधीच?"

कळलं ना तुम्हांला ती काय विचारत होती? माझ्यावर ठपका ठेवत नव्हती. तिला फक्त एवढंच हवं होतं की माता आधीच कोपलेली होती, तिच्या हातानं नाही. इतक्या वर्षांनी ती माझ्यापुढे हात पसरत होती. एक 'हो' द्यायचा होता. मी काय गमावलं असतं? सत्तरीकडे झुकलेल्या बाईच्या किल्ल्या कोण काढून घेणार होतं?

मी म्हणाले, "न्हाई भाभी. सासूजींना भास झाला असंल. चूल कोन कशाला पेटवंल?"

तिनं दोन खडे सुपातून वेचून बाजूला टाकले. "मंग माझंच," म्हणाली.

त्यानंतरही ती बरीच वर्षं जगली. रोज दोन वेळा तिचं ताट मीच वाढत होते, आणि भात पुरता थंड झाला की नाही, ते बोट लावून मीच बघत होते.