समुद्रातला किल्ला

बाजारात सुकटीचा वास आला की मला समुद्रातला तो किल्ला आठवतो. वडील गेल्यावर वर्षभरानं धाकटा भाऊ उंब्रजला माझ्या घरी आला आणि म्हणाला, “आक्का, तू समुद्र बघितला न्हाईस. चल, किल्ला दावतो.” होडीतून उतरताना त्यानं माझा हात धरला होता. तटाला शेवाळ होतं, ओठांवर खारट वारा लागत होता. तिथं माहिती सांगणारे एक म्हातारे म्हणाले, “हा किल्ला तोफांनी पडला नाही. आतल्याच माणसानं दरवाजा उघडून दिला.” भाऊ हसला. “आपल्यात असलं कोण न्हाई, व्हय ना गं आक्का?” मीही हसले. परतताना घाट चढून पाटणला आलो, तर गाडी कचेरीपुढं थांबली. “पाच मिन्टाचं काम हाय, हितं अंगठा दे,” म्हणून त्यानं कागद पुढं केला. त्याला सांभाळायला म्हणून माझी शाळा चौथीत सुटली होती, पण त्याला पाटीवर पहिली अक्षरं मीच गिरवून दिली होती, हे तो विसरला. कागदावर ‘हक्कसोड पत्र’ लिहिलं होतं. वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा मी त्याला सोडत होते. मी पेन मागून घेतलं आणि सावकाश सही केली. त्यानं मान वर केली नाही. सरळ मागितला असता तरी मी वाटा दिलाच असता. मग आधी समुद्र कशाला दाखवला, एवढंच मला अजून कळत नाही.