माळवदावरचं गवत

सायप्रस बेटावर उत्खनन करणाऱ्या एका प्राध्यापकाने मला फसवलं. माझी गोष्ट घेतली आणि स्वतःची म्हणून सांगितली.

आमची ओळख भांडणातूनच झाली. पाटोद्याच्या अलीकडे आमच्या गावची जुनी पांढर आहे, म्हणजे कधीकाळी वसून उठलेल्या गावाचं टेकाड. ती माती पाणी धरते, खाली झिरपू देत नाही. म्हणून पावसाळ्याआधी माळवदांवर, म्हणजे घरांच्या सपाट मातीच्या धाब्यांवर, तिचा थर देतात. गाढवावरून ट्रॅक्टरवर मी आलो तो ही माती वाहूनच. एका सकाळी टेकाड पाहायला आलेले हे प्राध्यापक ट्रॉलीला आडवे आले.

"इथली माती नेऊ नका. आत अख्खं गाव आहे."

"गाव आमचंच हाय. तू कोण बे?"

वयाने मोठ्या माणसाला 'बे' म्हणालो, त्याची लाज नंतर वाटली. ते मात्र चिडले नाहीत. दगडावर बसून मोबाइलवर फोटो दाखवू लागले. भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाला बेट, तिथेही असंच टेकाड. लोखंड माणसाला माहीत नव्हतं तेव्हाचं गाव. भिंती मातीच्या, वर सपाट धाबं. माझा राग कुठल्या कुठे गेला. एका फोटोत उभा कापलेला मातीचा थर होता, बोटभर जाडीचे पट्टेच पट्टे.

"ही जमीन," ते म्हणाले. "दरवर्षी लिंपलेली. बहुतेक देवघराची."

"जमीन न्हाई, सर. माळवद हाय ते, खाली कोसळलेलं."

"कशावरून?"

"थरांच्या मधी केसावानी भोकं दिसतेत ना? गवताच्या मुळ्या हायत. पावसाळ्यात माळवदावर गवत उगवतंय. पुढल्या साली त्याच्यावरच नवी माती टाकतेत. देवघरात गवत उगवलेलं तुमी कुठं बघितलंय?"

त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि हसले. "इतकी वर्षं मी तिथं चपला काढून जात होतो हो!"

फुकट काही द्यायची मला सवय नाही. मी सौदा टाकला: मी या टेकाडाची माती बंद करतो, तुम्ही हे जिथे सांगाल तिथे बीडच्या माळवदवाल्याने ओळखलं असं म्हणायचं. "बघू" म्हणाले, पण मी ट्रॅक्टर चालू केल्यावर सौद्याला हात पुढे केला.

मी शब्द पाळला. आता स्लॅबची कामं घेतो, बरं चाललंय. एक खोली माळवदाची राखली आहे. दुपारची झोप तिथल्या गारव्यातच लागते. श्रावणात वर गवत येतं, शेळी जिन्याने चढून खाऊन येते. मला कशाची कमी नाही.

मग केजच्या कॉलेजात त्यांचं व्याख्यान झालं. कडक इस्त्री करून मी दुसऱ्या रांगेत बसलो. तोच फोटो पडद्यावर आला. "या मुळ्या माझ्या लक्षात आल्या," सर म्हणाले. टाळ्या पडल्या.

मी उभा राहिलो. "कुणाच्या लक्षात आल्या, सर?"

"प्रश्न शेवटी," संयोजक म्हणाले. शेवटी सर गाडीत बसलेले होते.

बायको म्हणते, "अवो, गवतावरून कशापायी डोकं तापवून घेताय? ते काय तुमी पेरलं व्हतं?"

पेरलं नव्हतं. ओळखलं होतं. टेकाडाला मी त्या दिवसापासून फावडं लावलेलं नाही, कुणीही येऊन बघावं. सरांनी आता त्याच सभागृहात, तोच फोटो लावून, माझ्या तोंडावर सांगावं: त्या मुळ्या आधी कुणी ओळखल्या?